पहिला कथासंग्रह येतोय, प्रकाशन पुण्यात करू की इकडंच?

तासगावची_लेखणी

नमस्कार मंडळी. इथं पुस्तकांच्या व्यवसायातली आणि साहित्यिक कार्यक्रमांना नेमानं जाणारी बरीच माणसं आहेत, म्हणून विचारतेय.

मी तासगावची. एका कोल्ड स्टोअरेजच्या ऑफिसात बेदाण्याची आवक-जावक लिहिते. शेडवर निवडणीला येणाऱ्या बायकांवर कथा लिहीत आले, त्यातल्या काही दिवाळी अंकांत छापून आल्या. आता त्यांचा संग्रह येतोय. प्रकाशक पुण्याचे आहेत. ५०० प्रती, किंमत ३०० रुपये. शेवटचं प्रूफ परवाच तपासून पाठवलं.

प्रकाशकांचं म्हणणं, समारंभ पुण्यातच झाला पाहिजे, गावाकडं केला तर पुस्तकाची कुणी दखल घेत नाही. हॉलचं भाडं, बॅनर, पाहुण्यांचं येणं-जाणं, चहा-नाष्टा सगळं माझ्याकडं. शिवाय २०० प्रती ४० टक्के सवलतीनं मी विकत घ्यायच्या. म्हणजे प्रतींचेच ३६,००० रुपये झाले, बाकीचा खर्च वेगळा. आमचे हे म्हणतात, "पहिलं पुस्तक आहे, होऊ दे." पण मुलीची कॉलेजची फी याच महिन्यात भरायची आहे.

डिसेंबरात मी पुणे पुस्तक महोत्सवाला गेले होते, फर्ग्युसनच्या मैदानावर. पोरं-पोरी पिशव्या भरभरून पुस्तकं नेत होती. एक मुलगी तर दोन स्टॉलच्या मधल्या जागेत खालीच बसून वाचायला लागली होती. तेव्हा फार वाटलं, आपलं पुस्तक या मुलीच्या हातात पडलं पाहिजे. त्याच दिवशी संध्याकाळी एका हॉलमध्ये प्रकाशनाला गेले. व्यासपीठावर सहा जण. दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय, शाल-श्रीफळ, मग एकामागून एक भाषणं. लेखिका सगळ्यात शेवटी उठली, तोवर मागच्या रांगा रिकाम्या व्हायला लागल्या होत्या. तिनं हातातले कागद घडी करून पर्समध्ये ठेवले आणि फक्त आभार मानले. ती काय वाचणार होती हे मनातून जात नाही माझ्या.

आणि ज्या बायकांवर मी लिहिलंय त्यांचं काय? पुण्याला यायचं म्हटलं की एका दिवसाचा खाडा, काहींचा दोन दिवसांचा. त्यांच्याशिवाय हे पुस्तक लोकांपुढं ठेवायला माझं मन तयार होत नाही.

तर पुण्यात प्रकाशन केल्यानं पुस्तकाला नेमकं काय मिळतं? तिथं न करता ते मिळवता येतं का?

कर्वेनगरचा_कराडकर

ताई, आधी मनापासून अभिनंदन.

मी पुण्यात अशा कार्यक्रमांना वर्षानुवर्षं जातो. शनिवार-रविवारी संध्याकाळी टिळक रोडवर साहित्य परिषदेच्या माधवराव पटवर्धन सभागृहात एक, नवी पेठेत एस. एम. जोशी सभागृहात दुसरा, पत्रकार भवनात तिसरा, असे एकाच वेळी कार्यक्रम असतात. सगळी ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे ऐकणारा माणूस वक्ता बघून हॉल निवडतो. नव्या लेखकाच्या नावावर गर्दी होत नाही हे खरं, पण विषयावर होते. बेदाणा निवडणाऱ्या बायकांवरचं पुस्तक आहे हे निमंत्रणपत्रिकेवर ठळक दिसलं तर माझ्यासारखे येतील.

पुण्यातच करायचं ठरलं तर रविवारी सकाळी साडेदहाची वेळ घ्या. तासगाव-सांगलीच्या माणसांना पहाटे निघून स्वारगेटला उतरता येतं आणि त्याच दिवशी घरीही पोचता येतं. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होतो, नऊला संपतो, मग परतीच्या गाडीत अख्खी रात्र जाते. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, तेवढाच आधार.

पुस्तकाचं_टेबल

तासगावच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी साताऱ्याचा. पुण्यात एका ग्रंथदालनात नोकरीला होतो आणि प्रकाशन समारंभांना हॉलच्या दाराशी पुस्तकांचं टेबल मांडायचं काम माझ्याकडे असायचं. आता साताऱ्यात स्वतःचं दुकान आहे. व्यासपीठावर काय चाललंय हे टेबलावर बसणाऱ्याला अर्धवट ऐकू येतं, पण बाहेर पडणाऱ्या माणसाचा चेहरा पहिल्यांदा त्यालाच दिसतो.

टेबलावर विक्री दोनदा होते. एकदा कार्यक्रमाआधी. हे नातेवाईक, शेजारी, ऑफिसातली माणसं. ते घेणारच असतात, त्यांना पुस्तकात काय आहे हे विचारायचं नसतं. दुसरी विक्री कार्यक्रम संपल्यावर, आणि पुस्तकाचं पुढं काय होणार ते इथं कळतं. लेखकाने स्वतः वाचलं नसेल तर लोक टेबलाशी येतात, पुस्तक उलटं करून मलपृष्ठ बघतात, किंमत बघतात आणि ठेवून चहाकडे जातात. वाचलं असेल तर गोष्ट निराळी. एकदा एस. एम. जोशी सभागृहात एका लेखकाने दुष्काळात विहीर खोदल्याचा प्रसंग वाचला, पाचेक मिनिटं असेल. कार्यक्रम संपल्यावर सत्तरीतले एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "ती विहिरीची गोष्ट कुठल्या पानावर आहे?" मी पान काढून दिलं. त्यांनी चष्मा बदलला, ओळींवरून बोट फिरवत तिथंच उभ्याने दोन पानं वाचली. मागे लोक खोळंबले, त्यांना भान नव्हतं. मग दोन प्रती घेतल्या, एक स्वतःला आणि एक गावाकडच्या भावाला. त्या संध्याकाळी सहा वक्ते पुस्तकाबद्दल जे बोलले, त्यातलं एक वाक्यही कुणी टेबलाशी येऊन काढलं नाही.

म्हणून तुम्ही कुठंही करा, पण तुमचं वाचन कार्यक्रमाच्या सुरुवातीला ठेवा. पुस्तकावरचा कागद सोडला, प्रती हातात धरून फोटो झाले की लगेच तुम्ही माइकवर. दहा मिनिटं. त्यानंतर ज्यांना बोलायचं त्यांनी बोलावं, त्यांच्याकडेही मग बोलायला काहीतरी असतं. आणि दोनच वक्ते ठेवा. त्यातल्या एकाने पुस्तक पूर्ण वाचलेलं असलं पाहिजे, अशी खात्री आधी फोन करून घ्या. पाहुण्यांना प्रत आठ-पंधरा दिवस आधी पोचली पाहिजे. हॉलच्या पायऱ्यांवर प्रत हातात देऊन कुणाकडून चांगलं भाषण होत नाही.

आता २०० प्रतींचं. प्रकाशकाचीही अडचण असते, हे मी जवळून पाहिलंय. वितरक आणि दुकानं मिळून छापील किमतीच्या चाळीस-पन्नास टक्के कमिशन जातं, माल विकल्यावर पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी. नव्या लेखकाच्या ५०० प्रती काढताना त्याला कागद-छपाईचे पैसे आधी गुंतवावे लागतात, म्हणून तो लेखकाच्या गळ्यात प्रती घालतो. पण तुम्ही २०० प्रती घेतल्या म्हणजे निम्म्या आवृत्तीजवळ जाणारा खर्च तुम्ही उचलला. मग समारंभ कुठं करायचा हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे. तसं स्पष्ट बोला. आकडा १०० वर आणा, पैसे दोन हप्त्यांत द्या, आणि उरलेल्या प्रती कुठल्या कुठल्या दुकानात जाणार याची यादी लेखी मागा. अप्पा बळवंत चौकातल्या आणि दादरच्या दुकानांत पुस्तक मांडलेलं दिसलं, तर समारंभाच्या बॅनरपेक्षा कितीतरी जास्त मिळवलं.

दखल म्हणाल तर ती हॉलमध्ये मिळत नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीला, मासिकांना, पुस्तकांवर लिहिणाऱ्यांना पंधरा-वीस प्रती नावानिशी पाठवाव्या लागतात, सोबत एक पानाचं पत्र, आणि महिन्याभराने आठवणीचा फोन. हे काम तासगावात बसून होतं. दुसरं, राज्य शासनाच्या स्व. यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळा विभाग आहे. लघुकथेला ग. ल. ठोकळ पुरस्कार दिला जातो. त्या त्या वर्षात पहिली आवृत्ती निघालेली पुस्तकं त्यात धरतात, म्हणून आतल्या पानावर आवृत्तीचं वर्ष नीट पडतंय का ते प्रकाशकांना विचारून घ्या. डिसेंबरच्या शेवटी घाईत निघालेल्या आणि पुरस्काराला कुणी न पाठवलेल्या चांगल्या पुस्तकांचं मला फार वाईट वाटतं.

माझं मत विचाराल तर प्रकाशन तुमच्याकडे. पुण्यात नंतर एक गप्पांचा कार्यक्रम, व्यासपीठ नको, दोन खुर्च्या पुरेत.

जतहून_पुण्यात

वरच्या दादांचं बरंचसं पटतं, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तो मांडावासा वाटतो.

मी जत तालुक्यातली, पुण्यात अनुवादाचं काम करते. कवितांचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा गावात समारंभ केला. सगळा गाव आला, खूप माया केली, आणि त्यानंतर पुस्तकावर एक शब्दही कुणी बोललं नाही. शाल मिळाली, फोटो मिळाला. दुसऱ्या वर्षी पुण्यात एका छोट्या हॉलमध्ये वीस-बावीस माणसांसमोर वाचन केलं. त्यात एक मासिकाच्या संपादक होत्या, एक कन्नडमधून मराठीत आणणारे अनुवादक होते. त्या एका संध्याकाळमुळे मला पुढची कामं मिळाली. मोठ्या शहरात ही माणसं एका ठिकाणी असतात, ती आपल्या गावाला शोधत येत नाहीत. बाईमाणसाला तर घराबाहेर असं बोलायला मिळणं हेच मोठं असतं. ताई, तुम्ही "पुणं नको" असं ठरवू नका. ज्या मुलीला तुम्ही मैदानावर वाचताना पाहिलं, तिच्यापर्यंत जायला तुम्हाला शहरात यावंच लागेल.

मिरज_जंक्शन

एक सांगलीकर म्हणून मध्येच बोलतो. गावाकडं केलं तर दखल घेत नाहीत, हे वाक्य ऐकलं की मला त्रास होतो. विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग १८४३ साली सांगलीतच केला. ८१ वं साहित्य संमेलन २००८ ला सांगलीत भरलं, अध्यक्ष म. द. हातकणंगलेकर सर आपलेच. २०२५ च्या दिल्लीच्या संमेलनाच्या अध्यक्ष ताराबाई भवाळकर, त्यांचंही कामाचं गाव सांगली. २०२६ च्या जानेवारीत संमेलन साताऱ्यात झालं. ऐकणारी माणसं कृष्णाकाठाला आहेत, त्यांच्यापर्यंत निमंत्रण गेलं पाहिजे.

सांगली शहरात करायचं तर नगर वाचनालयात विचारा. दीडशे वर्षांहून जुनी संस्था आहे. २०१९ च्या महापुरात पाणी आत शिरलं, जुने ग्रंथ गेले, तरी वाचक टिकून आहेत. मिरजेत खरे मंदिर वाचनालयातही चांगला श्रोता मिळतो.

पुस्तकाचं_टेबल

जतच्या ताईंचं म्हणणं महत्त्वाचं आहे आणि त्यात माझा विरोध कुठंच नाही. त्यांना जे मिळालं ते वीस-बावीस माणसांच्या वाचनात मिळालं, शाल-श्रीफळाच्या समारंभात नाही. मी जे म्हणतोय ते हेच. पुण्यात जा, पण वाचायला जा. पुण्यात छोट्या जागा आहेत, काही पुस्तकांची दुकानंही अशी वाचनं ठेवतात, खुर्च्या मांडून देतात, भाडं घेत नाहीत, फक्त विक्री त्यांच्या टेबलावरून करायची. डिसेंबरच्या महोत्सवातही लेखकांशी गप्पा असतात, प्रकाशकाचा स्टॉल असेल तर तिथं तासभर उभं राहून सह्या करता येतात. त्याला हॉल लागत नाही.

आणखी एक जागा तुमच्या अगदी दाराशी आहे, औदुंबर. दर संक्रांतीला कृष्णेच्या काठी सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन भरतं, ऐंशीहून अधिक वर्षांची परंपरा आहे. आजूबाजूच्या गावांतली माणसं येतात आणि मन लावून ऐकतात. तिथं पुस्तकाची प्रत घेऊन जा. जानेवारीत साताऱ्याचा ग्रंथमहोत्सव असतो, जिल्ह्याजिल्ह्यात शासनाचे ग्रंथोत्सव होतात. तिथं गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल पुस्तकं निवडायला येतात. अनुदानातून त्यांना दर वर्षी खरेदी करायची असते. पाचशेच्या आवृत्तीला असे शंभर ग्रंथपाल भेटले तर पुस्तक खपलंच म्हणून समजा, आणि वाचनालयातली एक प्रत किती हातांतून जाते हे तुम्हाला सांगायला नको.

संमेलनातल्या प्रकाशन कट्ट्याबद्दल कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. तिथं दिवसभर एकामागून एक पुस्तकं प्रकाशित होतात, प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटं. फोटोला ठीक आहे, पण तुमच्या कथा तेवढ्यात कुणाला ऐकू जाणार नाहीत.

तासगावची_लेखणी

सगळ्यांचे आभार. काल प्रकाशकांशी बोलले. आवाज थोडा थरथरला, पण बोलले. ते १०० प्रतींवर आले, दुकानांची यादी द्यायचंही कबूल केलं. पुण्यात गणपतीनंतर एका दुकानात वाचन ठेवू म्हणाले.

इकडचा कार्यक्रम तासगावातच करायचं ठरवलंय. आमच्या गणपतीचा रथ झाला की आणि द्राक्षांच्या ऑक्टोबरच्या छाटण्या सुरू व्हायच्या आत, कारण छाटणीला एकदा हात लागला की या बायकांना श्वास घ्यायला सवड नसते. मालकांनी पॅकिंगचा हॉल द्यायचं कबूल केलंय, दुपारी चारला, निवडणी सुटल्यावर. त्याच पट्ट्यासमोर, जिथं त्या दिवसभर उभ्या राहून काड्या आणि काळा माल वेगळा काढतात. खुर्च्या गावातल्या मंडपवाल्याकडून येतील.

पुस्तक कुणाच्या हस्ते उघडायचं यावर घरात दोन मतं आहेत. एक प्राध्यापक येतो म्हणालेत, त्यांनी हस्तलिखित वाचून मला दोन कथांत फेरफार सुचवले होते, फार मोलाचे. पण मला आमच्या शेडवरच्या सगळ्यात जुन्या मावशींच्या हातून करायचंय. त्यांना वाचता येत नाही. पहिल्या कथेतली बाई म्हणजे थोडीफार त्याच. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मला लोकांसमोर उभं करून हसू करू नगंस." काय करावं? आणि कुठली कथा वाचू? शहरातल्या समीक्षकांना आवडेल अशी एक आहे, शेवट जरा गूढ आहे. दुसरी साधी आहे, बेदाण्याला गंधकाची धुरी देताना डोळे चुरचुरणाऱ्या एका नवीन पोरीची.

जतहून_पुण्यात

धुरीची वाचा. समोर बसलेल्या प्रत्येक बाईचे डोळे त्या धुरीला ओळखतात. गूढ शेवटाची पुण्यात वाचा, मी येतेय ऐकायला.

पुस्तकाचं_टेबल

मावशींना व्यासपीठावर उभं करू नका, व्यासपीठच नको. तुम्ही त्यांच्याशेजारी बसा आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर द्या, कागद त्यांनी बसल्या जागी सोडायचा. भाषण नाही, सत्कार नाही, हार नाही. आधी एकदा त्यांना ती पहिली कथा घरी जाऊन वाचून दाखवा, पूर्ण. त्यांना काही खटकलं तर ते छापण्याआधी कळलेलं बरं, अजून प्रेसला गेलं नसेल तर दोन ओळी बदलता येतात. त्या हो म्हणाल्या तरच करा. नाही म्हणाल्या तर प्राध्यापकांच्या हस्ते करा, मावशी पहिल्या रांगेत बसू देत.

कागद बांधताना एक बघा. समारंभाच्या प्रती रेशमी फितीने करकचून गाठ मारून बांधतात आणि मग सगळ्यांसमोर ती गाठ सुटत नाही, कुणीतरी कात्री शोधत फिरतं. साधा खाकी कागद घ्या, फीत एक फेरा आणि सरकगाठ. वयस्कर बोटांनाही सुटते.

टेबल माझ्याकडे सोपवा. मी साताऱ्याहून सकाळच्या गाडीने येतो, सुट्टे पैसे आणि क्यूआर दोन्ही आणतो. शेडवरच्या बायकांसाठी पन्नास प्रती वेगळ्या ठेवायच्या का, आणि कितीला द्यायच्या, तेवढं प्रकाशकांशी बोलून मला कळवा.